जागेवर कोणी भेटले नाही

४ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

दोन वर्षं तू प्रत्येक पत्रात एकच टुमणं लावलं होतंस: वहिनी, घराबाहेर पड. घे, पडले एकदाची. आणि पडले ती थेट महापालिकेच्याच दारात. हसू नकोस.

लायब्ररीच्या खालच्या मजल्यावर आता नागरिक सुविधा केंद्र झालंय. बाहेर फळ्यावर खडूने वार लिहिलेत. सोमवारी गुडघ्यांचे व्यायाम, मंगळवारी शिवण, बुधवारी रक्तदाब, शुक्रवारी भांडणाऱ्या शेजाऱ्यांसाठी सल्ला. शुक्रवारी म्हणे चिटपाखरू नसतं. एकमेकांची तोंडं बघायला लागू नयेत म्हणून सगळे सोमवारी येतात आणि गुडघ्यांच्या वर्गात भांडतात.

मी नाव घातलं ते ‘सोबत’ योजनेत. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे आठवड्यातून एकदा जायचं, त्यांचा पेपर, आलेली पत्रं वाचून दाखवायची, औषधांच्या बाटल्या बघायच्या, बोलत बसायचं. यादीत नाव असलं की दुपारचा डबा घरपोच मिळतो आणि दवाखान्यात न्यायला गाडी येते. भेट झाली की आम्ही गुलाबी कार्ड भरायचं. केंद्रातल्या ताईंनी तीन-तीनदा बजावलंय, कार्ड म्हणजे सगळं. ‘घरी कोणी भेटले नाही’ असं लागोपाठ तीनदा लिहिलं गेलं तर त्या माणसाचं नाव कटतं. डबा बंद, गाडी बंद. प्रतीक्षायादी मोठी आहे, त्यांचाही नाइलाज.

माझं अक्षर बघून ताई म्हणाल्या, “अहो, हे तर छापल्यासारखं.” म्हटलं, कॉन्व्हेंटच्या सिस्टरच्या पट्टीची कृपा. बोटांच्या पेरांवर अजून आहे ती पट्टी. शाळेत चौथीपर्यंत मला वाटायचं की देव वाकडं अक्षर बघूनच माणसांना नरकात पाठवत असेल.

मला गुरुवार मिळालाय. एक निवृत्त गृहस्थ आहेत, बायको गेली, मुलगी परदेशात, डोळे साखरेने नेलेले. काल पहिल्यांदा गेले होते. चार नावांतून मीच त्यांचं निवडलं.

एक काम कर. तुझ्या दादाची निळी फाईल तुझ्याकडे आहे ना? हे गेले तेव्हा माझ्या हातातून काढून घेतली होतीस, बरंच केलंस. आता पाठवून दे. कागद पिवळे पडायच्या आत नीट लावून ठेवावेत म्हणते.

कोपऱ्यावर आता सिमेंटचं झाकण आहे. मी अजून त्यावरून चालत नाही, वळसा घालते.

तुझी,
वहिनी


११ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

चार नावांतून एक निवडलंस! अगं, लग्नाच्या वेळी तुला एवढी निवड कुणी दिली नव्हती. कसे दिसतात गृहस्थ? त्यांना दिसत नाही हे एका परीने बरंच, पण तू गुरुवारी निघताना आरशात दोनदा बघतेस का ते खरं सांग. तुझ्या पत्रात पाच ओळी त्यांच्यावर आहेत, आणि माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं त्यावर शून्य. मी सगळं मोजते. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला यंत्र लावून बसले आहे, कोण काय बोलत नाही ते मला आधी ऐकू येतं.

गंमत सोड. मला मनापासून बरं वाटलं.

पण फाईल कशाला गं? त्यात काय आहे ते तुला पाठ आहे आणि मलाही. दादाच्या अकरा तक्रारी, प्रत्येकीची कार्बन कॉपी, आणि पालिकेची अकरा उत्तरं. ‘जागेवर कोणी भेटले नाही. तक्रार निकाली काढण्यात आली आहे.’ एक शब्द इकडचा तिकडे नाही. गटाराच्या त्या उघड्या चेंबरपाशी घडीची खुर्ची टाकून बसायचा माझा दादा, साहेब येतील म्हणून. आणि शेवटी पाइप फुटून रस्त्यावर पाणी आलं, कुणी पडू नये म्हणून काठीला लाल फडकं बांधायला गेला आणि स्वतःच आत गेला. एकोणीस दिवस हॉस्पिटलात. चौथ्याच दिवशी झाकण बसलं होतं.

ते सगळं परत टेबलावर मांडून तू काय करणार? ट्रंकेत आहे ते बरं आहे. कारण सांग, पटलं तर पाठवते.

तुझीच,
(वन्सं म्हणू नकोस, सत्तर वर्षांची वाटते मी)


१८ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

गुडघ्याबद्दल विचारायचं राहिलं. चुकलंच. दुखतो का अजून?

तुला खोटं सांगून मला जमत नाही, शाळेतही जमलं नाही. कारण सांगते.

त्या अकरा उत्तरांच्या खाली सही कुणाची होती आठवतं? लांबट, शेवटी शेपटी काढलेली. तुझा दादा म्हणायचा, “सही बघ, उंदीर पळाल्यासारखी.” त्याखाली रबरी शिक्क्यात नाव. ‘सोबत’च्या यादीवर तेच नाव होतं. वय एकसष्ट, निवृत्त विभाग अधिकारी. माझं बोट त्या नावावर गेलं आणि तिथून हललंच नाही. ताईंना वाटलं, मला घर जवळ पडतं.

काल तिसऱ्यांदा गेले. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. चपला भिंतीला टेकवून सरळ रेषेत. रेडिओ सतत चालू. बोलायला गोड माणूस आहे, वन्सं, तेच तर डोक्यात जातं. “या ताई, बसा ताई, पंखा लावू का ताई.” हातांनी चाचपत पेला आणतात, निम्मं पाणी सांडतं. मी जागची उठत नाही.

भिंतीवर एक पितळी ढाल आहे. ‘तक्रारमुक्त विभाग’, लागोपाठ दोन वर्षं. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, “तेवढी पुसता का? मला दिसत नाही, पण धूळ बसलेली कळते.” मी पुसली. माझ्या रुमालाने. त्यावरचं दुसरं वर्ष आपलंच वर्ष आहे.

काल सहज विचारलं, “साहेब, एवढ्या मोठ्या विभागात एकही तक्रार शिल्लक नाही, हे जमवलं कसं?”

खुलले. म्हणाले, “सात दिवसांत कागद बंद झाला पाहिजे, हा नियम. तक्रारदार जागेवर हजर पाहिजे, हाही नियम. आता आमचा माणूस केव्हा जाईल ते थोडंच कळवतो आम्ही? गेला तर गेला.”

“आणि नाही गेला तर?”

“ताई, कागद फिरला म्हणजे माणूस फिरल्यासारखंच असतं.” आणि हसले. समोरचे दोन दात नाहीत.

मीही हसले. घरी येऊन न्हाणीघरात नळ सोडून बसले होते बराच वेळ.

मी कोण ते त्यांना माहीत नाही. ‘ताई’ एवढंच. फाईल पाठव.

वहिनी


२२ फेब्रुवारी

वहिनी,

फाईल आज कुरिअरने टाकली. पोचपावती जपून ठेव.

मी तुला चिडवत होते आणि तू त्या माणसाची ढाल पुसत होतीस. माझीच जीभ हासडावी असं झालंय. तुझं पत्र वाचून मी स्वयंपाकघरात उभी होते, हातातला कप खाली ठेवायचा कसा ते सुचेना.

आता मी सांगते ते ऐक. देवाने तुझ्या हातात गुलाबी कार्ड दिलंय. तीन गुरुवार जा, दार वाजवू नकोस, आणि तुझ्या त्या छापल्यासारख्या अक्षरात लिही: घरी कोणी भेटले नाही. तीनदा. बस. बसू दे त्याला डब्याची वाट बघत. बसू दे गाडीची वाट बघत. कुणाला विचारेल? विचारलं तर सांगतील, बाबा, कागदावर तू घरी नव्हतास.

आपल्याला काही नवीन करायचंच नाहीये. त्याचंच त्याला परत द्यायचंय, शाई तेवढी तुझी.

गुडघा गेला खड्ड्यात.

तुझी नणंद


११ मार्च

प्रिय वन्सं,

तू सांगितलंस तसं केलं. एकदा.

चोवीस तारखेला गेले. दार वाजवलं नाही. जिन्यात उभी राहिले. आत रेडिओवर बाजारभाव चालले होते. मग त्यांनी आवाज कमी केला. माझी यायची वेळ झाली होती ना. खुर्ची सरकवल्याचा आवाज आला, मग काहीच नाही. दाराच्या पलीकडे एक माणूस ऐकत बसलाय आणि अलीकडे मी कार्ड भिंतीला लावून लिहितेय. अक्षर जरासुद्धा हललं नाही. सिस्टरने दहापैकी दहा दिले असते.

दया आली म्हणून थांबले असं समजू नकोस. दया शोधून बघितली, खरंच, शाळेत शिकवल्यासारखे डोळे मिटून. सापडली नाही. पण घरी चालत येताना एक गोष्ट लक्षात आली. डबा बंद झाला असता तर त्यांना वाटलं असतं, नवीन लोक नालायक आहेत, आमच्या वेळी असं नव्हतं. ढालीखाली बसून उपाशी राहिले असते आणि तरी ढाल त्यांचीच राहिली असती. कशासाठी ते कळलंच नसतं. मला ते नकोय. मला त्यांना कळायला हवंय.

दुसऱ्या दिवशी केंद्रात जाऊन ताईंना सांगितलं, मी उशिरा पोचले, चूक माझी. त्यांनी कार्ड फाडलं.

मग फाईल आली. किती जपून बांधली होतीस! तुझ्या दादाचा वास अजून आहे तिला, छापखान्याच्या शाईचा. जन्मभर दुसऱ्यांच्या पुस्तकांतल्या चुका काढल्या त्यांनी, आणि स्वतःच्या तक्रारीत एक कानामात्रा चुकू दिली नाही. ‘चेंबर दोन फूट लांब, पावणेदोन फूट रुंद. शाळेच्या वाटेवर. मी रोज सकाळी नऊ ते बारा जागेवर हजर असतो.’ आणि उत्तराच्या चिठ्ठ्यांवर लाल पेन्सिल! ‘भेटले नाही’ खोडून समासात ‘आले नाही’ केलंय. अकराही ठिकाणी. तू मला हे कधी सांगितलं नाहीस.

तीन मार्चला त्यांचा पेपर वाचून झाल्यावर म्हटलं, “साहेब, माझ्याकडे एका गृहस्थाची पत्रं आहेत. तक्रारीची. तुमच्या खात्यातली म्हणून म्हटलं, ऐकता का?”

“वा! वाचा की. करमणूक होईल.”

पहिलं वाचलं. पावणेदोन फुटांवर हसले. “फूटपट्टी घेऊन बसणारी जमात! आम्हाला फार त्रास असल्यांचा. अक्षर सुंदर असतं, आणि काम दुसरं काही नसतं.”

“अक्षर सुंदर आहे हे कसं ओळखलंत?”

“तुमच्या वाचण्यावरून. कुठं अडखळत नाही तुम्ही.”

काल दुसरं वाचलं. दर गुरुवारी एक. अकरा गुरुवार. घाई कशाला? तुझ्या दादाने तरी कुठं केली होती.

वहिनी


२ एप्रिल

प्रिय वहिनी,

मी रोज हिशेब लावते, आज पाचवं झालं असेल, आता सहावं येईल. गुरुवारी दुपारी माझं कशात लक्ष लागत नाही. शेजारीण म्हणते, “तुझ्या अंगात येतं का गं गुरुवारचं?”

तुला एक गोष्ट कधी सांगितली नाही. ती लाल पेन्सिल का लपवली, त्याच्याच मागची गोष्ट आहे.

दादा पडला त्याच्या आदल्या दिवशी त्याचा मला फोन आला होता. तुमच्या पालिकेच्या मुख्य कार्यालयात माझी एक जुनी मैत्रीण होती, एक्स्चेंजमधून तिकडे गेलेली. दादा म्हणाला, “तिच्या कानावर घालशील का? मी कधी कुणाकडे असं मागितलं नाही, पण आता मुलं त्या कडेवरून उड्या मारायला लागलीत.” मी हसले, वहिनी. म्हटलं, “दादा, एका झाकणासाठी मी शब्द टाकू? सोड की आता. येतील तेव्हा येतील.” तो म्हणाला, “बरं.” एवढंच. बरं. आणि ठेवला फोन.

मी जन्मभर लोकांचे फोन जोडून दिले. तेवढा एक जोडला नाही.

म्हणून मी मोठ्या तोंडाने तुला ‘तीनदा लिही’ म्हणाले. कुणावर तरी राग काढायचा होता, आणि आरशात बघायचं नव्हतं.

तू माझ्यावर रागावलीस तर रागाव. पण अकरावं वाचशील तेव्हा सावकाश वाच. माझ्या वाटचंही त्यात घाल. आणि तो काय म्हणाला ते मला शब्दनशब्द कळव. गोड करून सांगू नकोस.

तुझीच


१३ मे

प्रिय वन्सं,

तुझ्या पत्राला दीड महिना उत्तर दिलं नाही, ते रागावून नाही. त्या रात्री नुसती पडून होते. तुझ्यावर मी रागावणार कशी? तो फोन करताना मी बाजूलाच होते. फोन ठेवल्यावर मला म्हणाले होते, “चिमणी म्हणतेय ते बरोबर आहे, मी अतीच करतोय.” मग जेवताना म्हणाले, “तरी पण उद्या फडकं बांधून येतो.” तुझ्यामुळे काही झालं नाही. ते तसेच गेले असते. ते तसेच होते, म्हणून तर आपण दोघी अशा बसलोय.

आता काल काय झालं ते, शब्दनशब्द.

चौथ्या पत्रापासून साहेबांचं हसणं थांबलं होतं. सातव्याला विचारलं, “हा कोपरा कुठला? शाळेजवळचा?” मी म्हटलं, “हो.” आठव्याला रेडिओ आधीच बंद करून बसले होते. दहाव्याला म्हणाले, “ताई, आज नुसता पेपर वाचा ना.” मी पेपर वाचला. मग दहावं वाचलं.

काल अकरावं. तुला पाठ आहे. ‘महाशय, आपला माणूस आजही आला नाही. मी खुर्ची टाकून बसलो होतो, हे समोरचा केस कापणारा, शाळेचा पहारेकरी आणि फुलं विकणारी बाई सांगतील. मी जागेवर आहे. मी जागेवरच असेन.’ तू म्हणालीस तसं सावकाश वाचलं. मग उत्तर वाचलं. मग सही वाचली. त्यांचंच नाव त्यांच्यासमोर.

पंखा फिरत होता. म्हणाले, “मग हा गृहस्थ करतो काय हल्ली?”

“चेंबरमध्ये पडला. एकोणिसाव्या दिवशी गेला. माझा नवरा होता.”

मला वाटलं होतं, खूप काही होईल. रडतील, हात जोडतील. तीन महिने मी त्याच क्षणाकडे चालत होते. सगळं ठरवून ठेवलं होतं, हात जोडले तर काय म्हणायचं तेसुद्धा.

ते म्हणाले, “मला आठवत नाही.”

“काय?”

“खरंच आठवत नाही हो. रोज चाळीस-चाळीस यायच्या. मी वाचत नव्हतो. शिपाई पान उलटायचा, मी सही करायचो.” आणि मग, अगदी साहेबी आवाजात, “तुम्ही ओळख लपवून इथं आलात. हे नियमात बसत नाही. पुढच्या आठवड्यापासून येऊ नका.”

आठवत नाही, वन्सं! निदान द्वेष केला असता, निदान ‘तो खडूस म्हातारा’ म्हणून लक्षात ठेवलं असतं. माझं माणूस त्यांच्या हाताखालून अकरा वेळा गेलं आणि त्यांनी मान वर केली नाही.

मी फाईल बांधली. म्हटलं, “साहेब, मला असं घरच्या घरी बंद करता येत नाही. सोबत करणारं माणूस बदलायचं तर तुम्हाला केंद्राकडे तक्रार द्यावी लागेल. नंबर लिहून ठेवलाय फोनशेजारी, मोठ्या आकड्यात. डबा आणणाऱ्या बाई लावून देतील.”

“देणारच आहे.”

“द्या. पडताळणीला माणूस येईल. तेव्हा घरी राहा.”

वहिनी


१८ मे

प्रिय वहिनी,

चिमणी म्हणाला तो मला! किती वर्षांनी ते नाव वाचलं. पत्र छातीशी धरून रडले आणि मग तुझ्यासाठी घाबरले.

आता बास कर. जे ऐकवायचं ते ऐकवलंस. त्याची तक्रार गेली असेल तर तुझं ‘सोबत’चं काम जाईल, केंद्रात नाव खराब होईल. ‘ओळख लपवून आजाऱ्याच्या घरात शिरल्या’ असं लिहिलं तर? हे पत्र कुरिअरने टाकतेय, सकाळी पोचेल. उद्या जाऊ नकोस. ताईंना आपण होऊन सांग, मला दुसरं घर द्या. आणि इकडे ये महिनाभर. माझ्या गुडघ्याला कुणीतरी नावं ठेवायला हवंय.

तुझ्या पत्रातलं ‘आठवत नाही’ मी दहा वेळा वाचलं. याच्यावर काही इलाज नाही गं. आंधळ्याला आरसा दाखवून काय मिळणार?

तुझी,
चिमणी


२७ मे

माझ्या चिमणे,

तुझं पत्र मला एकोणीस तारखेला सकाळी मिळालं. वाचलं, घडी घालून पर्समध्ये ठेवलं आणि गेले.

दार उघडंच होतं. साहेब उंबऱ्यात खुर्ची टाकून बसलेले. इस्त्रीचा शर्ट, गुंडी वरपर्यंत लावलेली. माझ्या पावलांनी त्यांची मान वर झाली. “कोण? पडताळणीचे का?”

“नाही. मी.”

तोंड फिरवलं. “परवाच तक्रार दिलीय मी. सात दिवसांत माणूस येणार आहे.”

“बरं,” म्हटलं. आत स्टुलावर बसून पेपर वाचला, नियमाप्रमाणे एक तास. ते खुर्चीतून हलले नाहीत. मध्ये एकदा जिन्यात पावलं वाजली तर अर्धे उठले. वरच्या मजल्यावरची बाई होती, भाजी घेऊन आलेली. खालून डबा आला तर म्हणाले, “इथंच द्या, मी आत गेलो आणि तेवढ्यात कुणी आलं तर?” मांडीवर डबा ठेवून जेवले. भाजी शर्टावर सांडली. मी बघत होते. खुर्चीत बसण्याची ती तऱ्हा मला माहीत होती, चिमणे. मान किंचित पुढे, दोन्ही हात गुडघ्यांवर, येणाऱ्याच्या वाटेकडे तोंड.

काल परत गेले. खुर्ची उंबऱ्यातच. तोच शर्ट. माझी चाहूल लागली तसा फोन पुढे केला.

“मंगळवारी मेसेज आलाय. वाजला तेव्हापासून हातात धरून बसलोय. डबेवाल्या बाई म्हणाल्या, चष्मा नाही आणला. वरच्यांना हाक मारली तर दार लावून घेतलं त्यांनी.” थांबले. मग हळूच, “तुम्हीच आहात वाचायला.”

मी चष्मा लावला. सावकाश वाचलं, अकरावं वाचलं होतं तसंच.

“आपल्या तक्रारीच्या पडताळणीसाठी भेट देण्यात आली. जागेवर कोणी भेटले नाही. तक्रार निकाली काढण्यात आली आहे.”

वन्सं, तुला शब्दनशब्द हवं असतं ना? मग ऐक.

फोनकडे हात पुढे केला, जणू बोटांनी वाचता येईल. मग म्हणाले, “कोणी आलंच नाही.” मग आवाज चढला. “मी इथं होतो. मी रोज इथंच होतो! सकाळपासून बसतो, त्या बाईंना विचारा, वरच्यांना विचारा. मी जागेवर होतो ना! तुम्ही पाहिलंत ना मला? सांगा, पाहिलंत ना?”

“पाहिलं,” मी म्हटलं.

“मग असं कसं लिहितात? माणूस समोर बसलाय आणि...” इथं थांबले. तोंड उघडंच राहिलं. मी त्यांच्या चेहऱ्यावरून नजर काढली नाही. आठवलं असेल असं म्हणणार नाही मी. आठवायला आधी बघितलेलं असावं लागतं. पण त्या क्षणी, त्या खुर्चीत, तुझा दादा त्यांना पहिल्यांदा भेटला. दोन्ही हात गुडघ्यांवरून निघून हवेत गेले आणि तिथंच राहिले.

“अकरा वेळा?” त्यांनी विचारलं.

“अकरा वेळा.”

मी पाणी आणून दिलं. पहिल्यांदाच उठले त्यासाठी. निम्मं सांडलं.

ढाल काढून ठेवायला सांगतील असं वाटलं होतं, तसं काही म्हणाले नाहीत. वरच्या गुंडीशी खेळत बसले बराच वेळ. मग म्हणाले, “परत तक्रार द्यायची. लेखी. लेखी दिली की उडवता येत नाही इतकी सहज. मी सांगतो, तुम्ही लिहाल?”

“माझ्याविरुद्धची?”

“तुमच्याविरुद्धचीच. दुसरं कोण आहे मला लिहून द्यायला?”

केंद्रातल्या ताईंना मी एक शब्द टाकला तर उद्याच्या उद्या त्यांना दुसरं माणूस मिळेल. साधी गोष्ट आहे, कागदसुद्धा लागणार नाही. पण कुणासाठी शब्द टाकायचा नसतो, अशा साहेबांच्या खात्यात तर नाहीच.

मी पर्समधून कोरे कागद काढले. मधे कार्बन घातला. तुझ्या दादाचाच, फाईलच्या मागच्या कप्प्यात चार उरले होते. समास सोडला. तारीख घातली. साहेबांनी सांगितलं ते अक्षरन् अक्षर लिहिलं: ओळख लपवून घरात आल्या, मनस्ताप दिला, कृपया दुसरी व्यक्ती द्यावी. काही गाळलं नाही, काही घातलं नाही. शेवटी त्यांनी स्वतःहून सांगितलं, “आणि लिहा, मी रोज सकाळी नऊपासून जागेवर हजर असतो.”

मी लिहिलं. बोट धरून सही कुठं करायची ते दाखवलं. उंदीर पळाल्यासारखीच आली, फक्त आता थोडा लंगडा.

कॉपी मी निळ्या फाईलीत लावली, तुझ्या दादाच्या अकराव्याच्या मागे. वरच्या कोपऱ्यात आकडा टाकला: एक.

मूळ प्रत आज सकाळी केंद्राच्या पेटीत टाकून आले. ताई म्हणाल्या, “कशी चाललीय सोबत?” म्हटलं, “छान. साहेब आता खूप बोलतात.”

गुडघा बरा झाला की तूच ये इकडे. मला इतक्यात निघता येणार नाही, गुरुवार सोडता येत नाहीत. त्यांनी पुढच्या आठवड्यासाठी कागद आणायला सांगितलेत. पेटीतल्या कागदांवर साहेबांच्याच खुर्चीवर आलेला नवा विभाग अधिकारी सही करतो, आणि तो फार कामसू आहे म्हणे. सात दिवसांत एकही शिल्लक ठेवत नाही.

माझ्याकडे कार्बन चार आहेत. जपून वापरले तर पुरतील.

अकरा झाल्या की बघू.

तुझी,
वहिनी